वर्गणी गावाची, शाळा कोणाची?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात शिरा, सगळ्यांत रंगीत इमारत बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या शाळेची निघते. भिंतीवर बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, कुठे आगगाडीचे डबे वाटावेत असे रंगवलेले वर्ग. व्हरांड्यात देणगीदारांचा फलक: अमक्यांकडून एलईडी टीव्ही, तमक्यांच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी, माजी विद्यार्थ्यांकडून कमान. पाहुणा आला की मुख्याध्यापक आधी हा फलक दाखवतात, मग टीव्ही, मग परसबाग. चौथीतल्या एखाद्या मुलाला उभं करून 'हे पान वाचून दाखव बरं' असं पाहुणाही सहसा म्हणत नाही. म्हटलं तर यजमानाला अवघडल्यासारखं होतं.

राज्यात जिल्हा परिषदांच्या शाळा साठ हजारांच्या घरात आहेत. या शाळांनी गावाला बरोबर घ्यावं, हे आता कोणी नाकारत नाही. शासन निर्णयांमध्ये तर ते दर दोन पानांआड येतं. प्रश्न एवढाच, की गावाकडून नेमकं काय घ्यायचं. गेल्या वीसेक वर्षांचं आपलं उत्तर आहे पैसे. मुलं वाचतात का, शिक्षक वर्गात किती वेळ असतो, शाळा चालू ठेवायची की नाही, या गोष्टींबद्दल गावाला क्वचितच विचारलं जातं, आणि खरं सांगायचं तर गावही फारसं विचारत नाही. मला वाटतं, प्राथमिक शाळेतल्या रोजच्या शिकण्याचा गुंता इथेच आहे. शाळेतलं शिकणं आणि शाळेभोवतीचं गाव हे दोन वेगळे विषय मानून आपण दोन्हींवर वेगवेगळ्या योजना आणत राहिलो.

याला इतिहास आहे. शाळा हवी ही मागणी इथे खालून आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांचा रोख स्पष्ट होता: शेतकऱ्याच्या करातून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवा. शिक्षक शेतकऱ्यांच्या मुलांमधून यावेत, असंही त्यांचं म्हणणं होतं. पुढे सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत केला आणि १९०६ पासून तो बडोदे संस्थानभर नेला. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं १९११ चं विधेयक कायदेमंडळात बारगळलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया गरीब घराला सहज परवडणारा नव्हता.

पण हे सगळे निर्णय राजाचे किंवा सरकारचे. गाव जागा द्यायचं. देवळाची ओवरी, चावडी, धर्मशाळा, नाहीतर कोणाच्या तरी वाड्याची पडवी. मास्तर गावातच राहायचे, पत्रं वाचून दाखवायचे, पुष्कळ ठिकाणी टपालाचं कामही त्यांच्याकडेच असायचं. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच ओवरीवर कोणाच्या मुलांना बसू दिलं जात नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, २७ जानेवारी १९६७ ला 'बालभारती' स्थापन झाली आणि राज्यभर एकच पुस्तक पोहोचू लागलं. शाळा सर्वांची झाली ती या टप्प्यावर. गावातल्या प्रतिष्ठितांच्या मर्जीतून सुटली, हे चांगलंच झालं. त्याच वेळी ती हळूहळू तालुक्याची, जिल्ह्याची आणि मग मंत्रालयाची झाली. २००० नंतर आलेल्या वस्तीशाळांनी हा प्रवाह थोडा उलटा फिरवला होता. वाडीवरच्याच शिकलेल्या तरुणानं किंवा सुनेनं वाडीवरच्याच मुलांना शिकवायचं, मानधन अगदीच तुटपुंजं. पुढे त्या शाळा नियमित शाळांत मिसळल्या आणि ते शिक्षक सेवेत कायम होण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिले.

या धारेत वेगळा विचार करणारी माणसंही होऊन गेली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. मुलं गुरांमागे जातात, तर शिक्षकानं कुरणात जायचं. अंगणवाडी आणि कुरणशाळा दोन्ही तिथल्याच. आज लाखभर अंगणवाड्या चालतात, पण वारली घराच्या अंगणात जाऊन बसणारी मूळ कल्पना त्यांतल्या कितींमध्ये उरली आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय. कुरणशाळा तर नावापुरतीही उरली नाही.

आता एका दिवसाकडे जवळून पाहू. द्विशिक्षकी शाळा घ्या, पट चौतीस. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. राज्यात अशा शाळा हजारोंनी आहेत. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक एवढीच सोय आहे, त्यामुळे दोन वर्ग मिळून एक शिक्षक ही या शाळांची रोजची रीत.

साडेदहाला परिपाठ. प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. तिसरीतला एक मुलगा सुविचार सांगताना अडखळतो आणि ओळीतली त्याची बहीण तो मागून पुरा करते. अकराच्या आत आज किती मुलं जेवणार याची संख्या ॲपवर भरायची असते. बाई तिसरीला फळ्यावर वजाबाक्या देतात, चौथीला धडा मनात वाचायला सांगतात आणि फोन घेऊन रेंज सापडते त्या पायरीवर जातात. शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर 'अतितातडीचे' असा मथळा असलेला तक्ता येऊन पडलेला असतो. आधार न जुळलेल्या विद्यार्थ्यांची माहिती दुपारपर्यंत हवी. दारात एक आजोबा उभे, नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी शाळा सोडल्याचा जुना उतारा हवाय, १९५८ सालचा. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले आहेत, म्हणजे पहिली-दुसरीची खोलीही आता याच बाईंची.

त्या खोलीत काय चाललंय? चौथीतली एक मुलगी पहिलीच्या चौघांना घेऊन बसली आहे. तिला कोणी सांगितलेलं नाही, किंवा कधीतरी सांगितलं होतं आणि आता ते तिच्या अंगवळणी पडलंय. ती चिंचोक्यांच्या ढिगातून पाच-पाच मोजायला लावते, चुकलं की सगळा ढीग पुन्हा एकत्र करते. 'परत. बोट ठेवून मोज.' तिचा सूर हुबेहूब बाईंचा. वाडीत ती या चौघांपैकी दोघांची चुलत बहीण लागते, म्हणून तिचं ऐकलंही जातं. वर्गनिहाय तासिका, घटकनिहाय नियोजन, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी यांतल्या कुठल्याही रकान्यात हा अर्धा तास बसत नाही. या शाळेतलं बरंचसं गणित मात्र इथेच शिकलं जातं.

कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलंय. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडली तर शिक्षकांना अशैक्षणिक काम द्यायचं नाही, असंही कलम २७ सांगतं. निवडणुकीच्या नावाखाली मतदारयादीचं वर्षभराचं काम येतं. बाकी सर्वेक्षणं, ॲप, पोर्टल, स्पर्धा, अभियानं यांना शैक्षणिक म्हणायचं ठरलं की कलमाचा भंग होतच नाही. शिक्षक हजर नसतात ही जुनी तक्रार महाराष्ट्राला फारशी लागू पडत नाही. २००३ मध्ये देशभर न सांगता भेटी देऊन झालेल्या पाहणीत चारातला एक शिक्षक गैरहजर सापडला होता, महाराष्ट्रात ते प्रमाण साधारण पंधरा टक्के, म्हणजे मोठ्या राज्यांत सर्वांत कमी होतं. आमचा शिक्षक शाळेत असतो. तो वर्गात किती असतो, हे मोजायचं आपण अजून मनावर घेतलेलं नाही.

दुपारी खिचडी. शाळेतला हा एक तास गाव आणि शासन यांच्यात सगळ्यांत उघडपणे विभागलेला आहे. राष्ट्रीय पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळायचा. शिजवलेलं अन्न द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा, त्यानंतर शाळेत चूल पेटली. प्राथमिकच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं असं माप आहे. शिजवणाऱ्या ताईंचं मानधन अलीकडे वाढून महिना अडीच हजार झालं. शेतमजुरीला गेल्या तर यापेक्षा जास्त मिळेल, हे त्यांनाही कळतं. तरी त्या टिकतात, कारण काम गावात आहे आणि बहुतेकींची स्वतःची मुलं त्याच पंगतीत बसतात.

कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण सकाळी चहा-बटरवर आलंय, कोणाचा बाप कालपासून गायब आहे, हे बाईंच्या आधी या ताईंना कळतं. ती माहिती शिकवण्याच्या कामाची असते. भुकेलं मूल अकरा वाजता गणित करत नाही. पण ताईंना शाळेच्या बैठकीत बोलावलं जातं ते तांदळाची शिल्लक सांगण्यापुरतं. एकाच पंगतीला सगळ्या जातींची मुलं जेवतात, ही गोष्टही लहान नाही. स्वयंपाक कोण करणार यावरून कुरबुरी अजूनही होतात, काही गावांत त्या मिटतात आणि काही गावांत मुलं डबा आणू लागतात.

अंड्याची गोष्ट तर ताजी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. ज्या गावात मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्याच गावात वर्गणी सर्वांत कमी जमणार, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

इथे पैशाचं गणित एकदा मांडायला हवं. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर. तीसपर्यंत पट असेल तर दहा हजार रुपये, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. आपल्या चौतीस मुलांच्या शाळेला वर्षाचे पंचवीस हजार. त्यात खडू, हजेरीपट, दुरुस्ती, स्वच्छतागृहाची साफसफाई आणि वीजबिल. यातून टीव्ही येत नाही, छताचे पत्रेही बदलत नाहीत. म्हणून मुख्याध्यापक वर्गणी मागतात, त्यांना दोष देता येत नाही. दोष आहे तो वर्गणीलाच सहभाग समजण्याच्या सवयीत. वर्गणी दिसते, तिचा फोटो निघतो, फलकावर नाव येतं. भिंतीला रंग लावून चार दिवसांत शाळा बदलल्याचं दाखवता येतं. मुलाला वाचता यायला वर्ष लागतं आणि ते फोटोत येत नाही.

कायद्यानं गावाला याहून बरंच काही दिलंय. कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती, तीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष, विकास आराखडा, सगळं समितीचं. प्रत्यक्षात पुष्कळ गावांत अध्यक्षपदाची निवड ग्रामपंचायतीच्या राजकारणाची रंगीत तालीम असते. निवड झाली की बैठकांचं इतिवृत्त सचिव लिहितात आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते. महिला सदस्यांच्या सह्या झालेल्या असतात, बैठकीला त्या नसतात. कारण बैठक दुपारी तीनला आणि त्या खुरपणीला.

समिती नेमली, लोकांना माहिती दिली की शाळा सुधारते, हा समज तपासून पाहिला गेलाय. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत हा प्रयोग केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या गावात शिक्षण समिती आहे हेच बहुसंख्य पालकांना ठाऊक नव्हतं. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले, काहींत मुलांचं वाचन गावकऱ्यांनीच तपासून गावासमोर मांडलं. शाळेत फरक पडला नाही, शिक्षकांची हजेरी सुधारली नाही, समित्या हलल्या नाहीत. तिसऱ्या गटातल्या गावांत गावातल्याच तरुणांना थोडं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग चालवायला सांगितलं. जी मुलं त्या वर्गांना गेली त्यांचं वाचन ठळकपणे सुधारलं. लोकांच्या हातात काही करायला दिलं तर ते करतात; नुसतं लक्ष ठेवा म्हटलं की घरी जातात. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांतला 'बालसखी' प्रयोगही याच वळणाचा: वस्तीतल्याच मुली मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायच्या, आणि त्याचा परिणाम चाचण्यांत दिसला. हे काम 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेचं. तिच्याच पुढाकारानं २००५ पासून निघणारा 'असर' अहवाल मुलांना शाळेत तपासत नाही, घरी तपासतो. आई ओट्यावर उभी असताना तिच्यासमोर मूल उतारा वाचतं किंवा वाचू शकत नाही. त्या अहवालातले टक्के सगळे उद्धृत करतात. आईसमोर वाचून घेण्याची ती पद्धत मात्र शाळांनी फारशी उचलली नाही. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचं प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरलं होतं, २०२४ मध्ये ते २३.४ झालं. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुलं अजून अडखळतातच.

घरच्यांसमोर वाचून घेण्याची ही पद्धत उचलली गेली ती काही ठिकाणीच, 'चावडी वाचन' या नावानं. संध्याकाळी पारावर किंवा समाजमंदिरात सतरंजी अंथरायची, मुलांनी गावासमोर वाचायचं. हा कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या आदेशानं झाला की त्याचं गॅदरिंग होतं: चार हुशार मुलं, पाठ केलेला उतारा, टाळ्या, नारळ. पण जिथे शिक्षकांनी तो नीट घेतला तिथे चिठ्ठी टाकून नाव काढतात आणि कुठलंही पान उघडतात. एका आजीनं नातू अडखळल्यावर मास्तरांना थेट विचारलं, 'चौथीत आला न अजून जोडाक्षरं येईना, तुम्ही काय करता अन् आम्ही काय करायचं?' प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. त्या शाळेत मग संध्याकाळी बारावी झालेल्या दोन मुली समाजमंदिरात तासभर मुलांना वाचायला बसवू लागल्या. देणगीदारांच्या फलकावर त्यांची नावं नाहीत.

शिकवण्याच्या पद्धतीतही महाराष्ट्रानं चांगलं काही करून पाहिलंय. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीट या शाळांच्या गटातल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं मुलांना गटात, जमिनीवर बसवून, हाताळायच्या साधनांनी शिकवायला सुरुवात केली. मुलं खरोखर वाचू, मोजू लागली. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला त्यामागे हे यश होतं. मग तो राज्यभर पसरला आणि पसरताना त्यातला दिसणारा भाग पुढे गेला. कुमठ्याला फरशीवर आखलेल्या आकृत्या मुलं शिकताना वापरत. इतर अनेक शाळांत त्या ऑइलपेंटनं रंगवून घेतल्या, त्यांवर बाकं ठेवली, आणि शाळा 'रचनावादी' झाली. वर्गणी त्या रंगासाठीही गोळा झाली होती.

रंग वाया जातोच असं मात्र नाही. टाळेबंदीत सोलापूरच्या नीलमनगर भागात एका शाळेनं धडे शाळेच्या भिंतींऐवजी वस्तीतल्या शेकडो घरांच्या भिंतींवर रंगवले. विणकर, विडी कामगारांची मुलं गल्लीतून फिरत शिकली. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. ओट्यावर, देवळात, झाडाखाली वर्ग भरले. त्या दीड वर्षात नुकसान प्रचंड झालं, पण शाळा इमारतीबाहेर भरू शकते आणि गावातले शिकलेले तरुण ती भरवू शकतात, हे सगळ्यांना दिसलं होतं. इमारत उघडली आणि त्या तरुणांना आपण घरी पाठवलं.

नावाजलेल्या शाळांची यादी मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. हिवरे बाजारात गावाच्या बदलाची सुरुवातच शाळेपासून झाली. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीनं शाळेला जमीन दिली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ'चे मानकरी ठरले आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांत वाटली. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा २०२५ मध्ये लोकसहभागाच्या गटात जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली. या शाळांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्यांच्याकडून धोरण काढताना जपून. एकतर प्रत्येक ठिकाणी एखादा झपाटलेला शिक्षक किंवा सरपंच आहे आणि त्याची बदली किंवा मुदत ठरलेली आहे. दुसरं, यांतली काही गावं पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याच्या सावलीत आहेत. तिथे कंपन्यांचा सामाजिक निधी आहे आणि जमिनीला भाव आहे. मेळघाटातल्या कोरकू गावाला जालिंदरनगरचा व्हिडिओ दाखवून काय सांगायचं?

अशा आदिवासी गावांतला प्रश्न मुळात भाषेचा आहे. पहिलीत आलेलं मूल कोरकू बोलतं, गोंडी बोलतं, नंदुरबारला भिली किंवा पावरी. पुस्तक आणि गुरुजी प्रमाण मराठीत. पहिली दोन वर्षं मूल वर्गात बसतं आणि शिक्षकाचे हातवारे वाचतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावानं ठरवलं, गावानं शिक्षक शोधले, गावानं खर्च उचलला. शिक्षण विभागानं ती शाळा अनधिकृत ठरवली आणि वाद उच्च न्यायालयात गेला. मंजुरीचे नियम असायलाच हवेत, हे मान्य. तरी गंमत बघा, गावानं वर्गणी काढून कमान बांधली तर सत्कार आणि शिकण्याची भाषा ठरवली तर नोटीस. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा शासन निर्णय निघाला, वादळ उठलं, आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या सगळ्या गदारोळात पहिलीतल्या गोंड मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आहे, हे बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

गणवेशाचा किस्सा याच जातीचा. आधी समिती कापड घ्यायची, गावातला किंवा शेजारगावचा शिंपी मापं घेऊन शिवायचा. २०२४-२५ साठी राज्यानं ठरवलं, 'एक राज्य एक गणवेश', कापड वरून येईल, शिलाई बचत गटांकडून होईल. स्वातंत्र्यदिन आला तरी अनेक शाळांतली मुलं जुन्या गणवेशात उभी होती. जे आले त्यांची मापं कोणाला ढगळ, कोणाला तोकडी. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला. जो शिंपी मुलाला नावानं ओळखतो त्याच्याकडून चूक झाली तर बाही त्याच दिवशी उसवून मिळते, एवढी साधी गोष्ट कळायला एक शैक्षणिक वर्ष गेलं.

राहिला प्रश्न शाळा राहण्याचाच. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४,७८३ असल्याची आकडेवारी शासनानंच दिली होती. त्यांत सुमारे एक लाख ८५ हजार मुलं. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करणाऱ्या 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे ठेवून. शाळेतली शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांवरून शिक्षक रस्त्यावर उतरले. शासनाचा युक्तिवाद पोकळ नाही. सात मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाही, गटात शिकणं होत नाही, एकटा शिक्षक आजारी पडला की शाळा बंद. मोठ्या शाळेत विज्ञानाचा कोपरा असेल, ग्रंथालय असेल, मैत्रिणी असतील.

पण पट का घटतो? जन्मदर उतरला, माणसं शहराकडे गेली, आणि सकाळी साडेआठला वाडीच्या तिठ्यावर इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी थांबते. त्या गाडीत कोण चढतं? सरपंचाचा नातू, पतसंस्थेच्या चेअरमनची मुलं, आणि, बोलायला अवघड पण खरं, जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शिक्षकांचीही मुलं. ज्यांचा आवाज तालुक्याला ऐकू जातो ते आधी बाहेर पडतात. मागे राहतात धनगर, पारधी, शेतमजूर, ऊसतोड कामगारांची मुलं, म्हणजे समितीच्या बैठकीत ज्यांचे पालक दाराजवळ बसतात ती. बीड जिल्ह्यातल्या गावांत दिवाळीनंतर अर्धा वर्ग कोयता घेऊन निघालेल्या आईबापांबरोबर कारखान्यांकडे जातो. साखरशाळा आल्या आणि गेल्या, आता हंगामी वसतिगृहाच्या नावानं शाळेतच जेवणाची सोय होते. मूल आजीकडे गावात राहिलं तर शाळा टिकते. सगळ्यांत नाजूक धागा हाच आहे आणि तो आजीच्या तब्येतीवर टिकून आहे.

समूह शाळेला बस मिळेल, असं सांगतात. पानशेतला ती मिळालीही. पण कोकणातल्या किंवा नंदुरबारच्या डोंगरातल्या वाडीला पावसाळ्यात ओढा आडवा येतो, आणि आठ वर्षांच्या मुलीला ओढ्यापलीकडे पाठवायचं की घरी ठेवायचं याचा निर्णय बहुतेक घरांत ठरलेला असतो. एक किलोमीटरच्या आत शाळा हा नियम याच मुलीसाठी केला होता. प्रत्येक छोटी शाळा जपलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. दोन वाड्यांत पाचशे मीटर अंतर आणि दोन्हीकडे चार-चार मुलं, अशा जागी एकत्र येण्यात शहाणपण आहे. पण तो निर्णय ओढा ओलांडणाऱ्यांना विचारून झाला पाहिजे, आणि त्यासाठी कायद्यात आधीच जागा आहे. कलम २२ प्रमाणे समितीनं तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा असतो: किती मुलं येतील, किती शिक्षक लागतील, कोणती सोय हवी. शाळा एकत्र करायची की राखायची, शिकवायचं कुठल्या भाषेत, संध्याकाळचा वाचनवर्ग कोण घेणार, याची चर्चा तिथेच व्हायला हवी. प्रत्यक्षात हे आराखडे केंद्रातल्या एका शाळेत तयार होतात आणि बाकीच्या शाळा ते उतरवून घेतात. नदीकाठच्या एका शाळेच्या आराखड्यात मी 'डोंगराळ भागामुळे पाण्याची टंचाई' असं वाचलंय. खाली समितीच्या सर्व सदस्यांच्या सह्या होत्या.